उसाचं बिल आलं की घरात अडगळ वाढते. खरेदीला लगाम कसा घालायचा?

कळंबा_रोड

नमस्कार मंडळी. चार माणसांचं घर, एक पगार महिन्याला आणि उसाचं बिल, म्हणजे कारखान्याकडून येणारे उसाचे पैसे, हंगामात. बिल खात्यावर पडलं की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घरात वस्तू येतात आणि पाडव्यापर्यंत माळ्यावर जातात. सध्या माळ्यावर रोटी मेकर, दोरी ओढायचा चॉपर आणि पायाचा मसाजर आहे. आता यादीत एअर फ्रायर आहे, आरओ आहे, आणि जुना मिक्सर आवाज करतोय म्हणून नवा मिक्सर आहे.

"मन आवरा" हा सल्ला नको, तो घरात फुकट मिळतो. पैशाच्या वाटेत अडसर नेमका कुठे घालायचा? वस्तू आणण्याआधी ती कामाची आहे का हे कसं तपासायचं? आणि शोरूमवाले म्हणतात तो बिनव्याजी हप्ता खरंच बिनव्याजी असतो का? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

हिशेबवही

हप्त्यापासून सुरू करतो, कारण हप्ता नसता तर यादीतल्या निम्म्या वस्तू आपोआप गळाल्या असत्या.

बिनव्याजी हप्त्यात व्याज असतंच. विकणारा तेवढी रक्कम सूट म्हणून आधी कापून दाखवतो, बँक ती व्याज म्हणून वसूल करते. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. क्रेडिट कार्डावरचं उदाहरण घ्या. २४,००० चा फोन, २,००० चे १२ हप्ते, व्याजदर वर्षाला १५ टक्के. बँकेच्या वहीत मुद्दल साधारण २२,१६० आणि व्याज १,८४०. हे १,८४० सूट म्हणून आले आणि हप्त्यातून गेले, इथवर ठीक. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३३१ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर जीएसटी धरून २३५. झाले ५६६ रुपये जादा. वर रोखीच्या गिऱ्हाइकाला जी घासाघीस करता येते, ती तुम्हाला करता येत नाही.

शोरूममध्ये टेबल टाकून बसलेल्या फायनान्स कंपनीच्या कर्जावर व्याजाला जीएसटी नाही. तिथं पैसे दुसऱ्या दारानं जातात: कार्डाचं शुल्क, विमा, वाढीव वॉरंटी. हे सगळं "हप्ता फक्त शंभरानं वाढतोय" म्हणून सांगतात. सही करण्याआधी "की फॅक्ट स्टेटमेंट", म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चाचा कागद, मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाला ते द्यावंच लागतं आणि त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा दर छापलेला असतो. तो शून्य नसेल तर कर्ज बिनव्याजी नाही. कर्ज मोबाईलवरून घेतलं असेल तर किमान एक दिवसाची माघारीची मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरलं की दंड न लागता कर्ज मोडता येतं. प्रक्रिया शुल्क मात्र ते ठेवून घेऊ शकतात.

कार्डाचं बिल पूर्ण न भरता "किमान रक्कम" भरणं सगळ्यात महाग. २०,००० च्या बिलात १,००० भरले, दर महिन्याला साडेतीन टक्के धरला तर उरलेल्या १९,००० वर ६६५ व्याज आणि १२० जीएसटी. शिवाय बिनव्याजी मुदत संपते. त्यानंतर त्याच कार्डावर दूध घेतलं तरी घेतल्या दिवसापासून व्याज चालू.

आता पैशाची वाट. उसाचं बिल ज्या खात्यावर पडतं त्या खात्याला यूपीआय जोडलेलं असेल तर आधी ते काढा. खर्चाला दुसरं खातं ठेवा, त्यात महिन्याचा घरखर्च ठरवून वळवा आणि फोन फक्त त्याच खात्याला जोडा. बिलातून विकास सोसायटीचं पीक कर्ज वळतं होऊन जे हातात येतं, त्याचे पहिल्याच आठवड्यात वाटे पाडायचे: खोडव्याचं किंवा नव्या लागणीचं खत, मजुरी, शाळेची फी, विम्याचा हप्ता. उरलं ते तीन महिन्यांच्या मुदत ठेवीत. ठेव मोडायला बँकेत जावं लागेल किंवा ॲपमध्ये चार पायऱ्या चढाव्या लागतील, एवढा अडसर पुष्कळ होतो. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, ऊस गेल्यापासून १४ दिवसांत द्यायची असा नियम असला तरी पैसे तुकड्यातुकड्यानं येऊ शकतात, म्हणून वाटे रकमेत न ठरवता टक्क्यांत ठरवा. भिशी उचलली तर तिलाही हेच टक्के लावा, नाहीतर ती सरळ टीव्हीच्या दुकानात जाते.

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करायचं बटण असतं. २०२० पासून बँकांना ही सोय द्यावीच लागते. ते बंद ठेवा, लागेल तेव्हा चालू करा. खरेदीच्या ॲपमध्ये जाऊन साठवलेलं कार्ड पुसा, "नंतर पैसे द्या" ही सोय बंद करा आणि सूचनाही बंद करा. सूचना राहिल्या तर बाकीच्या मेहनतीवर पाणी.

आणि मोफत डिलिव्हरीचा हिशेब एकदा कागदावर करा. ४२० चं सामान, ४० डिलिव्हरी, एकूण ४६०. ४९९ ची मर्यादा गाठायला ९९ ची वस्तू टाकली की ५१९. चाळीस वाचवायला एकोणसाठ जादा गेले आणि एक डबी घरात आली.

उद्यमनगर_मिस्त्री

दादा, मिक्सर आवाज करतोय म्हंजे मेला न्हाई. नवा घ्यायच्या आधी हे बघा.

भांडं काढा आणि मिक्सर रिकामा फिरवा. आवाज गेला तर दोष भांड्यात आहे, मोटर चांगली आहे. भांडं उलटं धरून खालचा कप्लर, म्हंजे मोटरला जोडणारी दातेरी चकती, बोटानं हलवा. डुगडुगत असेल किंवा खालून काळसर पाणी झिरपत असेल तर बुश, म्हंजे पात्याचा दांडा धरणारी कडी, गेलाय. पात्यासकट बुश बदलायला शे-दोनशे रुपये लागतात. भांडं काढूनही खडखड असेल तर मोटरवरच्या रबरी कप्लरचे दात बघा, झिजलेत का. बदलताना एक लक्षात ठेवा, बऱ्याच मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात. जोर लावून नेहमीच्या बाजूला फिरवला की शाफ्टचं नुकसान. कप्लर झिजायचं कारण बहुतेक वेळा एकच, मोटर फिरत असतानाच भांडं बसवणं किंवा उचलणं.

आतून ठिणग्या दिसत असतील तर बारीक निळसर ठिणगी चालते. गोल रिंगण पेटल्यासारखं दिसलं तर फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन संपलेत. जोडी पन्नास-शंभराला मिळते आणि दोन्ही बाजूचे एकदमच बदलायचे. ते तसंच चालवलं तर आर्मेचर, म्हंजे मोटरचा फिरणारा गाभा, खराब होतं, मग खर्च खरा. मिक्सर अचानक बंद पडला तर तळाचं लाल बटण बघा. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या आणि दाबा. खोबऱ्याचं घट्ट वाटण पाण्याविना, भांडं गच्च भरून फिरवलं की ते उडणारच. वाटण भांड्याच्या दोन तृतीयांशपेक्षा वर नको आणि दोन-तीन मिनिटांनी विसावा द्यायचा. आर्मेचरच जळलं असेल, म्हंजे जळका वास आणि धूर, तर दुरुस्तीचा आकडा विचारा. नव्याच्या निम्म्यावर गेला तर नवा घ्या, उगाच जुन्याचा हट्ट नको.

पंख्याचं पण तसंच. हळू फिरतोय म्हणून पंखा बदलणारे लै आहेत. साध्या छताच्या पंख्यात अडीच मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर असतो. तो उतरला की पाचावर ठेवूनही वारा येत न्हाई. जुन्या कपॅसिटरवर लिहिलेला आकडा बघून तेवढ्याचाच घालायचा, किंमत पन्नास-साठ रुपये. मेन स्विच पाडल्याशिवाय हात लावू नका. घरघर असेल तर बेअरिंग.

कमी विजेचा बीएलडीसी पंखा घ्यावा का, हेही लोक विचारतात. साधा ७५ वॅट, हा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालणाऱ्या खोलीत दिवसाला अर्धा युनिट वाचतो. वर्षात ३०० दिवस धरले तर १६० युनिट. युनिट आठ रुपये धरला तर तेराशेच्या आसपास. तीन हजारांचा पंखा अडीच वर्षांत फिटतो. तोच पंखा पाहुण्यांच्या खोलीत लावला तर जन्मात फिटत न्हाई. वस्तू तीच, खोली वेगळी.

फ्रिजबद्दल एवढंच: वर बर्फ आणि खाली गार नाही, असा फ्रॉस्ट फ्री फ्रिज असेल तर बर्फ वितळवणारा हीटर किंवा सेन्सर आधी तपासून घ्या. कोणी सरळ "गॅस संपला" म्हणालं तर गळती कुठं आहे ते दाखवायला सांगा. गॅस वापरून संपत न्हाई, गळूनच जातो. गळती न बुजवता भरलेला गॅस परत जाणार. आणि दाराच्या रबरात नोट धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर बदलायचं, फ्रिज न्हाई.

राजारामपुरीची_सुगरण

मिस्त्रींचं बरोबर. स्वयंपाकघरातल्या यंत्रांचं मी सांगते, कारण ही यंत्रं कोणत्या पदार्थासाठी बनलीत हे पेटीवर लिहीत नाहीत.

रोटी मेकर माळ्यावर का गेला? तो गव्हाच्या पिठासाठी आहे. गव्हात चिकाटी असते, म्हणून गोळा दाबला की पसरतो. जोंधळ्याच्या पिठात ती नसते. भाकरी थापत, पाण्याचा हात लावत, कडेनं सांभाळत वाढवावी लागते. वरून एकदम दाब आला की कडा फाटतात. त्यामुळे जिथं रोज भाकरी होते त्या घरात हे यंत्र चालणारच नाही. पोळीसाठीसुद्धा कणीक नेहमीपेक्षा सैल आणि अर्धा तास मुरलेली लागते, आणि दाब सेकंदभरच द्यायचा. जास्त दाबलं की पापड होतो. तुमच्याकडे पोळ्या होत असतील तर खाली काढून एकदा असं करून बघा. भाकरीचंच घर असेल तर विकून टाका.

एअर फ्रायरच्या पेटीवर "४ लिटर" लिहिलेलं असतं. तो डब्याचा आकार झाला. पदार्थ एकाच थरात ठेवावा लागतो, नाहीतर मधले मऊ राहतात. म्हणजे चार माणसांना दोन घाणे, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं. कांदाभजी त्यात होत नाहीत, ओलं पीठ जाळीतून गळतं. बटाटेवड्याचंही तेच. शेंगदाणे भाजणं, उरलेले वडे गरम करणं, चिकनचे तुकडे भाजणं, बटाट्याच्या फोडी हे उत्तम होतं. सुकं आणि रस्सा कढईतच. तुमच्या घरी आठवड्याला फ्रायरमध्ये होणारं किती होतं आणि न होणारं किती, ते मोजा.

किंमत वापरावर मोजायची. सहा हजारांचा एअर फ्रायर आठवड्यातून दोनदा तीन वर्षं वापरला तर ३१२ वेळा, एका वेळचे १९ रुपये. महिन्यातून दोनदाच वापरला तर ७२ वेळा, एका वेळचे ८३. वर वीज. १,५०० वॅटचं यंत्र वीस मिनिटं चाललं की अर्धा युनिट. आणि प्लग बघा. एवढ्या वॅटला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा. ओट्यावर छोटाच असेल तर लोक मल्टिप्लग लावतात आणि तो वितळतो. मागून गरम हवा येते, म्हणून भिंतीपासून वीतभर जागा सोडावी लागते. ओट्यावर तेवढी जागा नसेल तर यंत्र कपाटात जाईल, आणि कपाटातलं यंत्र कोणी रोज काढत नाही. पट्टी घेऊन ओटा मोजा, मग दुकानात जा.

दोरीच्या चॉपरमध्ये दीड-दोन कांदे मावतात. पाती बोथट झाली की कांदा कापला जात नाही, ठेचला जातो आणि पाणी सुटतं, मग तो परतायला दुप्पट वेळ. आतली स्प्रिंग किंवा दोरी गेली की सुटा भाग मिळणं कठीण. विळी त्याहून लवकर उरकते. चटणीसाठी घरी मोठं ग्राइंडर घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा. वर्षाची चटणी एकदाच होते. मिरची वाळवा, मसाले भाजा आणि कांडपावर न्या. वर्षातून एका दिवसाच्या कामाला यंत्र पोसायचं नसतं.

सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे वस्तू शेजारून आठवडाभर उसनी आणा. कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर ती असतेच, आणि देणारे आनंदानं देतात. परत आणू नका म्हणाले तर तेच उत्तर समजा.

गुळाची_ढेप

खरेदी फक्त स्वतःसाठी होते असं कोण म्हणतं? संक्रांतीचं वाण बघा. ५० बायका, प्रत्येकी ३० रुपयांची प्लॅस्टिकची वाटी किंवा चाळणी, दीड हजार गेले. आणि तशाच पन्नास घरांतून आपल्याकडेही येणार. कुणालाच नको असलेली वस्तू अख्खी गल्ली विकत घेते आणि गल्लीतच फिरवते. त्यापेक्षा गूळ द्या. संक्रांतीला गुऱ्हाळं चालू असतात, ताजा माल मिळतो, कोल्हापुरी गुळाला तर २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. छोट्या ढेपा किंवा पाव किलोची पाकिटं करून द्या. खाऊन संपतो, माळ्यावर जात नाही. फार पिवळाधमक दिसणारा नका घेऊ. रंग जितका उजळ तितकी रसायनं जास्त असण्याची शक्यता. नैसर्गिक गूळ तांबूस-तपकिरी असतो.

लग्नातल्या आहेराच्या स्टीलच्या डब्यांवर तर स्वतंत्र धागा निघेल. बोहारणीला जुने कपडे देऊन आणखी डबे घेणाऱ्यांनी तिकडे लिहावं.

कळंबा_रोड

मंडळी, खूप उपयोगी. मिक्सर रिकामा फिरवला तर आवाज येत नाही, म्हणजे भांड्याचा बुश. दोन प्रश्न राहिले. एका ॲपचं सभासदत्व नको म्हणून ॲपच काढून टाकलं, तरी पैसे कापले जातात, ते कसं थांबवायचं? आणि आरओचं काय?

तक्रारवही

ॲप काढल्यानं परवानगी रद्द होत नाही. ती तुमच्या यूपीआय किंवा कार्डावर दिलेली असते. यूपीआय ॲप उघडा, प्रोफाइलमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो. तिथं चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात. नको ती रद्द करा, नुसती स्थगित करू नका. एकापेक्षा जास्त यूपीआय ॲप असतील तर प्रत्येकात बघा. कार्डावर असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा बँकेकडे रद्द होते. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येणं बंधनकारक आहे, पण १५,००० पर्यंतच्या नेहमीच्या वसुलीला ओटीपी लागत नाही. म्हणून ती सूचना वाचणं हीच तुमची शेवटची संधी. कर्जाचा हप्ता मात्र असा रद्द करू नका, चेक परतल्यासारखं दोन्हीकडून शुल्क लागतं.

सभासदत्व घेताना एक टिचकी आणि सोडताना सात पानं, याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्न म्हटलंय. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत असे १३ प्रकार दिलेत. खोटी घाई लावणं म्हणजे "फक्त २ शिल्लक", न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणं, "नको, मला बचत नको" असं लाजवणारं बटण, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, हे सगळं त्यात येतं. दिसलं की स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख आणि एकूण रक्कम दिसली पाहिजे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करा. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता तिथं दावा लावता येतो, कंपनी बेंगळुरूची असली तरी कोल्हापुरात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला दाव्याचं शुल्क नाही.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का दुकानाच्या पावतीवर असला तरी सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. पावतीवर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. पण माल सदोष हवा. चांगली वस्तू घरी नेऊन नकोशी झाली, तर दुकानदार बांधील नाही. ऑनलाइन खरेदीतसुद्धा परतीची मुदत संपायची तारीख पेटीवर लिहून ठेवा आणि पेटी तोवर फाडू नका.

उद्यमनगर_मिस्त्री

आरओचं मी सांगतो. आधी पाण्याचा टीडीएस, म्हंजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरनं मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं म्हटलंय. तुमच्या नळाचं पाणी त्याच्या बरंच खाली असेल तर आरओ लावून उपयोगाचे क्षारच काढून टाकाल. शिवाय लिटरभर पाण्यामागं दोन-तीन लिटर मोरीत. अशा पाण्याला गाळ अडवणारा फिल्टर, कार्बन आणि यूव्ही पुरतं. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं तेव्हा गाळाचा फिल्टर लवकर तुंबतो, तेवढा बदलायचा. बोअरचं पाणी असेल आणि मीटर पाचशेच्या वर जात असेल तर आरओ घ्या, पण वर्षाच्या देखभालीचा करार आणि मेंब्रेनची किंमत खरेदीच्या आधी लेखी घ्या. मीटर जंतू दाखवत न्हाई, एवढं ध्यानात असू द्या. कमी आकडा म्हंजे पाणी न उकळता प्या असं न्हाई.

आणि दारावर विकायला येणारा दोन सळ्यांचं यंत्र ग्लासात बुडवून तुमचं पाणी काळं-तपकिरी करून दाखवेल. ती घाण पाण्यातली न्हाई. क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते आणि लोखंडाची सळीच गंजून उतरते. त्याच्या आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी असल्यानं वीज फारशी जात न्हाई, म्हणून ते पांढरं राहतं. त्याच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि परत लावायला सांगा.